दुसऱ्या हाताची बाही

दिनांक ११ नोव्हेंबर, रक्कम ७६८ रुपये फक्त. नऊ वर्षांपूर्वी एवढ्या रकमेची एक मागणीचिठ्ठी माझ्या टेबलावर आली. तेव्हा मी स्टार्चच्या कारखान्यात उपलेखापाल होतो. चिठ्ठी शिवणखात्याची होती. चमकपट्टी २६ मीटर, दर २४ रुपये. इलॅस्टिक ३२ मीटर, दर साडेचार रुपये. कापड कारखान्याच्याच उरलेल्या तुकड्यांतले, म्हणून त्याची किंमत शून्य. नग ६४. आणि 'कारण' या रकान्यात टपोऱ्या अक्षरांत लिहिले होते, "सायकलवाल्यांचे हात अंधारात दिसावेत म्हणून."

हे सगळे मला अजून तोंडपाठ आहे, यात माझ्या स्मरणशक्तीचे काही कौतुक नाही. ती चिठ्ठी इतकी वर्षे माझ्याकडेच होती.

ती लिहिणाऱ्या बाईंना सगळा कारखाना टाकेमावशी म्हणत असे. त्यांची खोली बॉयलरच्या भिंतीला लागून होती, दहा बाय बारा. आत पायाने चालवायचे एक जुने मशीन, शेजारी विजेवरचे एक, ज्याच्यावर मावशींचा विश्वास नव्हता, आणि भिंतीवर खिळ्यांना ओळीने टांगलेल्या कात्र्या. गाळणीच्या फाटलेल्या पिशव्या, ऍप्रन, यंत्रांवरची आच्छादने, साहेबांच्या केबिनचे पडदे, सगळे त्यांच्याकडे यायचे. गळ्यात टेप असायची, पण माप त्या वितीने घेत. मी एकदा टोकले तेव्हा म्हणाल्या, "टेप जुनी झाली की ताणली जाते, साहेब. माझी वीत आहे तेवढीच आहे."

बाविसाव्या वर्षी त्या बदली कामगार म्हणून लागल्या आणि तिथेच केस पांढरे झाले. मूलबाळ नव्हते. "मला सख्खी बहीण एकही नाही आणि मावशी चारशे जणांची," असे त्या स्वतःच सांगत. घरी नवरा, निवृत्त पोस्टमन. त्यांना सगळे काका म्हणत.

पहिली पाळी सहाला सुरू होई. रात्रपाळीत फाटलेल्या पिशव्या त्याआधी शिवून हव्यात म्हणून मावशी साडेपाचलाच येऊन बसत. खोलीची एकुलती खिडकी फाटकाच्या बाजूला होती आणि फाटकासमोर हमरस्ता. हिवाळ्यात त्या वेळी डोळ्यात बोट घातले तरी दिसत नाही असा काळोख असतो. पाळीला येणारे बत्तीस जण सायकलवर. वळण्याआधी हात आडवा करायचा हे प्रत्येकाला ठाऊक होते. पण गणवेश गडद निळा, त्यामुळे हात केला काय आणि न केला काय, सारखेच. मागचे ट्रक ऐन वेळी करकचून ब्रेक मारत. मावशी शिवता शिवता ते ऐकत.

"मुक्यानं आंधळ्याला खुणा केल्यासारखं चाललंय," त्या एकदा मला म्हणाल्या होत्या. मी मान हलवली आणि पुढे गेलो.

त्यांनी आधी मनगटाला गोल पट्टी लावून पाहिली. प्रयोगाला काका होतेच. पहाटे घरामागच्या बोळात काकांनी सायकल चालवायची आणि मावशींनी मागून बॅटरी मारून बघायचे. हा प्रसंग मला काकांनीच नंतर सांगितला.

"काय दिसतं?" काकांनी विचारले.

"काजवा."

"अगं, हात आडवा केलाय मी."

"आडवा आहे का हँडलवर आहे, मला काय कळतंय? काजवाच दिसतोय."

"तीस वर्षं टपाल वाटलं, एकदा पडलो नाही. आता म्हातारपणी तू पाडणार."

"बोलू नका. वळा."

असे आठ दिवस चालले. शेवटी त्यांनी पट्टी मनगटापासून कोपरापर्यंत लांब, मागून दिसेल अशी लावली. हात हँडलवर असला की ती अंगाआड जाते. हात आडवा झाला की अंधारात हातभर पांढरी रेघ उमटते. हातमोजे त्यांना नको होते, कारण बोटे आखडतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाही. म्हणून नुसती मोकळी बाही, दोन्ही टोकांना इलॅस्टिक. गणवेशावरून चढवायची, आत आल्यावर काढून खिशात घालायची. माणशी दोन, म्हणून नग चौसष्ट.

मी चिठ्ठी वाचली आणि मला एक गोष्ट सुचली. सुचल्याचा आनंदही झाला. मी चौसष्टवर काट मारून बत्तीस लिहिले, रक्कम ३८४ केली आणि शेजारी शेरा लिहिला, "संकेत एका वेळी एकाच हाताने दिला जातो. सबब माणशी एक नग पुरेसा." खाली सही आणि तारीख.

व्यवस्थापकसाहेबांनी तो शेरा वाचून "वा" म्हटले. मुख्य लेखापालाची जागा त्या हिवाळ्यात रिकामी होणार होती आणि ते माणूस बघत होते, हे मला माहीत होते. घरी जेवताना मी बायकोला ही गोष्ट रंगवून सांगितली.

तिने वाढता वाढता विचारले, "आणि दुसऱ्या बाजूला वळायचं असेल तर?"

"तर त्या हातात घालावी. काढता येते ती."

"चालत्या सायकलवर?"

"तू ना, कशाचाही कीस पाडतेस," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मावशी चिठ्ठीचे विचारायला आल्या. मी शेऱ्यावर बोट ठेवले. त्यांनी चष्मा पुसून तो वाचला.

"हात दोन असतात, साहेब."

"पण एका वेळी वर एकच होतो ना, मावशी?"

पलीकडचे दोन कारकून हसले. मावशी हसल्या नाहीत. "बरं," एवढे म्हणून त्या गेल्या.

बत्तीस बाह्या शिवून वाटल्या गेल्या. बहुतेकांनी ज्या बाजूला फाटक येते त्या हातात त्या घातल्या, आणि खरोखरच फरक पडला. वॉचमन म्हणायचा, "लांबूनच कळतं आता. एकामागं एक रेघ निघते आणि ट्रक आपोआप हळू होतो." मला वाटले, बघा, निम्म्या पैशात काम झाले.

बारा डिसेंबरच्या पहाटे आमचा वेल्डर पाळीला येत होता. आईचे औषध बहिणीकडे पोचवायचे होते म्हणून तो फाटकाच्या अलीकडच्या गल्लीत, म्हणजे डावीकडे वळायला निघाला. फाटक उजवीकडे, म्हणून बाही उजव्या हातात होती. त्याने डावा हात आडवा केला. मागून दुधाचा टेम्पो येत होता. तोही त्याला ओलांडून त्याच गल्लीत शिरणार होता. "मला हात दिसलाच नाही," टेम्पोवाल्याने सांगितले, आणि ते खरे होते.

वेल्डरच्या डाव्या हाताचे हाड दोन ठिकाणी मोडले. हाड सांधले, पण मनगट पुरते फिरेना. त्याला वेल्डिंगमधून काढून भांडारात बसवले.

त्या संध्याकाळी बायकोने एकच विचारले, "कुठला हात?"

"डावा."

तिने पुढे काही विचारले नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो.

कॅंटीनमध्ये बोलणे सुरू झाले. बाही एकच का? दोन हातांना दोन का नाहीत? मग कोणीतरी म्हणाले की पट्टी दोन्ही हातांची आली असणार, मावशीने निम्मी बाजारात विकली. चार दिवसांनी मावशींनी आणखी बत्तीस बाह्या शिवून आणल्या आणि फाटकाशी उभे राहून एकेकाच्या हातात दिल्या. त्या दिवशी मी चहा घेत होतो. मागच्या बाकावरून आवाज आला, "बघितलंस? बोंब झाली तशा बाहेर काढल्या."

"टाकेमावशी कसली, काटमावशी," दुसरा म्हणाला.

काट कोणी मारली होती ते त्या कॅंटीनमध्ये एकाच माणसाला माहीत होते. मी चहा संपवला, कप जागेवर ठेवला आणि कामाला गेलो.

चौकशी मंगळवारी झाली. व्यवस्थापकसाहेब, मी, आणि दाराजवळच्या खुर्चीत मावशी. शिवता शिवता उठून आल्या होत्या. अंगुस्तान बोटातच राहिले होते.

"बाह्या किती शिवल्यात?" साहेबांनी विचारले.

"आधी बत्तीस. मग बत्तीस."

"आधी बत्तीसच का?"

"मी चौसष्ट मागितल्या होत्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. शेरा त्यांनीही वाचला होता, पण त्यांच्या टेबलावरून दिवसाला साठ कागद जात. ते विसरले होते. मी विसरलो नव्हतो.

"बत्तीस मंजूर झाल्या होत्या," मी म्हणालो.

"मागणी किती होती?"

"कागद बघून सांगावं लागेल, साहेब."

कागद माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात होता. मी खोटे बोललो नाही. खोटे बोललो असतो तर निदान ते खोटे म्हणून ओळखता आले असते.

"शुक्रवारपर्यंत बघून सांगा," साहेब म्हणाले. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि त्या उठल्या. शुक्रवारी साहेब रजेवर होते. सोमवारी नव्या बॉयलरचे लोक आले. नंतर कोणी विचारले नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायचे नाही हे मी ठरवून टाकले होते.

जानेवारीत मी मुख्य लेखापाल झालो. मार्चअखेर मावशींची नोकरी संपत होती. त्यांच्यासारख्या हाताच्या माणसाला दोन वर्षे मुदतवाढ मिळायची. त्यांना मिळाली नाही. कारण लेखी दिले नव्हते, पण सगळ्यांना ठाऊक होते. निरोपाच्या दिवशी वेल्डिंगमधून कोणी आले नाही. पाकीट मी दिले. मुख्य लेखापाल म्हणून चार शब्द बोलायचे होते, तर मी मावशींच्या काटकसरीवर बोललो. कापडाचा एक तुकडा त्यांनी कधी वाया घालवला नाही, असे म्हणालो. त्या खाली बघून ऐकत होत्या. पाकीट घेताना "बरं," म्हणाल्या.

आता मीही येत्या ३१ मार्चला निवृत्त होतो आहे. दोन महिन्यांपूर्वी टेबल आवरायला घेतले आणि चिठ्ठी सापडली, असे लिहिता आले असते तर मला बरे वाटले असते. ती हरवलीच नव्हती. नऊ वर्षांत माझी तीन टेबले बदलली. तिन्ही वेळा ती मी स्वतःच्या हाताने एका खणातून दुसऱ्या खणात ठेवली. फाडायचे धैर्य झाले नाही आणि दाखवायचेही नाही.

ती घेऊन एका संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेलो. दार काकांनी उघडले.

"अरे, अकाउंटवाले साहेब. पत्र घेऊन आलात? बरंच रखडलं म्हणायचं."

त्यांना काही माहीत होते की नुसती थट्टा होती, मला अजून कळलेले नाही.

मावशी खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला बटणे लावत होत्या. दृष्टी अधू झाली आहे. सुईत दोरा चाचपून ओवतात. मी चिठ्ठी पुढे ठेवली. त्यांनी ती वाचली नाही. बटणांच्या डब्याच्या तळाशी हात घालून एक घडी काढली आणि माझ्या चिठ्ठीशेजारी ठेवली. मागणीचिठ्ठी लिहिताना खाली कार्बन घालायची पद्धत होती. ही तिची दुसरी प्रत. तिच्यावर चौसष्टच होते. काट आणि शेरा मी वरच्या प्रतीवर नंतर लिहिला, तो खाली उमटणार कसा?

"हा कागद तुमच्याकडे होता?" मी विचारले.

"मग."

"चौकशीत का नाही दाखवलात?"

"माझ्याच अक्षरातला कागद, साहेब. त्यावर तुमची सही कुठाय? पकडली गेल्यावर लिहून आणला म्हणाले असते. सहीचा तुमच्याकडे होता." त्यांनी दोरा दाताने तोडला. "मला वाटलं, तुम्ही सांगाल. शुक्रवारपर्यंत वाट बघितली. मग सोमवारपर्यंत बघितली. म्हटलं, मधे सुट्टी आली."

आत काका भांडी लावत होते, त्यांचा आवाज थांबला.

"माझं चुकलं, मावशी."

"बत्तीस लिहिलंत, ती चूक. तशी कोणाचीही होते. मी पण बाह्या उलट्या शिवल्यात." त्या अभ्रा घडी करू लागल्या. "त्याच्या पुढचं काही चुकून झालं नाही."

कार्बनच्या प्रतीला एक पावती टाचलेली होती, ती मी वाचली. वाचायला काहीतरी समोर असणे बरे वाटले. चमकपट्टी १३ मीटर, दर २६. इलॅस्टिक १६ मीटर, दर साडेचार. एकूण ४१०. पट्टी तेवढ्यात दोन रुपयांनी महागली होती. नंतरच्या बत्तीस बाह्या त्यांनी स्वतःच्या पैशाने शिवल्या होत्या. मी खिशात हात घातला.

"ते ठेवा आत," मावशी म्हणाल्या. "बाह्या तुम्ही नाही घातल्या. कारखान्याच्या माणसांनी घातल्या. कारखान्यानं द्यावेत."

"मी अर्ज करतो."

"करा. पण त्याआधी त्याला सांगा."

"कोणाला?"

"वेल्डरला. अजून रस्त्यात दिसला की मान फिरवतो. त्याच्या लेखी मी त्याचा हात विकलाय."

निघताना काका दारापर्यंत आले. चपला घालेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बोळात उजेड नाही. जपून जा." नेहमीची थट्टा त्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी भांडारात गेलो. वेल्डर उजव्या हाताने खोकी मोजत होता. डावा टेबलावर उपडा ठेवला होता. त्याला अजूनही सगळे वेल्डरच म्हणतात. मी चिठ्ठी दिली. त्याने ती वाचली आणि शेरा मोठ्याने वाचला. "'संकेत एका वेळी एकाच हाताने दिला जातो.' हे अक्षर तुमचं?"

"हो."

"आणि मावशीनं चौसष्ट मागितल्या होत्या."

"हो."

"नऊ वर्षं झाली, साहेब. आज का सांगताय? रिटायर होताय म्हणून?"

वाटेत मी दोन-तीन चांगली उत्तरे तयार केली होती. "हो," मी म्हणालो. "तेव्हा सांगितलं असतं तर ही जागा मिळाली नसती."

"मावशीनं पाठवलं तुम्हाला?"

"हो."

"म्हणजे येणं पण तुमचं नाही." त्याने चिठ्ठी उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली. "माझी आई जाईपर्यंत म्हणत होती, माझ्या औषधापायी तुझा हात गेला. तिला तरी हा कागद दाखवता आला असता." मग तो म्हणाला, "याची झेरॉक्स कॅंटीनच्या फळ्यावर लावतो. मूळ कागद माझ्याकडे ठेवतो. चालेल ना?"

"मूळ प्रत फाईलला," असे माझ्या तोंडून सवयीने निघाले. त्याने चिठ्ठीची घडी घातली. मी म्हणालो, "चालेल."

झेरॉक्स तीन दिवस फळ्यावर होती. लोक हातात कप घेऊन ती वाचत. मला तोंडावर कोणी काही बोलले नाही. मी आत गेलो की बोलणे थांबायचे, एवढेच. मीच मग चहा टेबलावर मागवू लागलो. त्या रविवारी वेल्डर मावशींच्या घरी गेला होता. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही आणि विचारायचा मला अधिकार नाही. वॉचमनने पाहिले ते एवढेच, की नंतर दोघे बाजारातून बरोबर येत होते आणि पिशवी वेल्डरच्या उजव्या हातात होती.

घरी मी बायकोला सांगितले. ती म्हणाली, "मी तेव्हाच विचारलं होतं." नंतर म्हणाली, "मी पण परत विचारलं नाही."

राहता राहिला अर्ज. तो मी पावती जोडून नव्या व्यवस्थापकांकडे दिला. ते तरुण आहेत, नियमाने वागतात. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"मंजुरी नव्हती, खरेदी आधी झाली, आणि ते वर्षही कधीच बंद झालंय. मला तुमची अडचण कळते. पण तुम्हीच सांगा, नियम काय आहे?"

मंजुरीआधी केलेल्या खरेदीचे पैसे मिळत नाहीत, हा नियम आहे. आठ वर्षांपूर्वी तो मीच लिहून मंजूर करून घेतला होता. मी त्यांना तो कलमासकट सांगितला. त्यांनी अर्जावर 'नामंजूर' लिहिले आणि मला परत दिला.

मावशींना जाऊन सांगितले तेव्हा मी पुन्हा पाकीट काढले. त्यांनी पुन्हा नाही म्हटले. पुढच्या माणसासाठी देण्याघेण्याची यादी मी स्वच्छ अक्षरात केली आहे. तिच्यातली शेवटची नोंद अशी: टाकेमावशी, शिवणखाते, निवृत्त. बत्तीस बाह्यांची पट्टी व इलॅस्टिक. देणे ४१० रुपये. बाकी.